झडप पडली, पण हवा थांबली का? डिझेल इंजिनाच्या आपत्कालीन एअर शट-ऑफची देखभाल

आयटीआयमधून मेकॅनिक डिझेलचा ट्रेड करून आलेली मुलं पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न विचारतात. इंजिन बंद करायला चावी आहे, फ्युएल सोलेनॉइड (डिझेल तोडणारा विजेचा खटका) आहे, मग हवेच्या पाइपात ही आणखी एक झडप कशाला?

चावी फक्त डिझेल तोडते. पण डिझेल इंजिनाला पेटायला ठिणगी लागत नाही. दाबून तापलेल्या हवेत जळण्याजोगं जे काही येईल ते पेटतं, आणि ते इंजेक्टरमधूनच यायला हवं असं नाही. टर्बोचं (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं) सील गेलं आणि ऑइल हवेबरोबर आत शिरलं, संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) ऑइल जास्त भरलं गेलं आणि ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) वाटेने वर चढलं, ऑइल-बाथ एअर क्लीनरच्या वाटीत खुणेच्या वर ऑइल ओतलं गेलं, किंवा आसपास कुठे गॅस सुटला, की इंजिनाला खाद्य दुसरीकडूनच मिळू लागतं. आरपीएम (मिनिटाचे फेरे) वाढतात, वाढले की ते आणखी ओढतं, आणि आणखी वाढतात. आमच्याकडे याला ‘इंजिन पळालं’ म्हणतात. पळालेल्या इंजिनाची चावी फिरवून उपयोग नसतो. त्याची हवा तोडावी लागते.

२३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत टेक्सास सिटी इथल्या बीपी या तेल कंपनीच्या रिफायनरीत एका टॉवरमध्ये प्रमाणाबाहेर माल भरला गेला आणि हायड्रोकार्बनची वाफ जमिनीवर पसरली. जवळच एक डिझेल पिकअप गाडी चालू ठेवून उभी होती. तिने ती वाफ ओढली, इंजिन पळालं, आणि वाफ बहुधा तिथूनच पेटली. १५ माणसं गेली, सुमारे १८० जखमी झाली. २० एप्रिल २०१० च्या रात्री मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या रिगवर विहिरीतला गॅस वर आला, तेव्हाही स्फोटाआधी इंजिनांचा आवाज चढत गेल्याचं वाचलेल्या लोकांनी सांगितलं. तिथे ११ जण गेले. म्हणून तेल-वायूच्या जागी चालणाऱ्या पंप युनिटवर, जनरेटरवर, क्रेनवर ही झडप बसवलेली असते. न्हावा-उरणच्या तेलकामाच्या बेसवर काम करणाऱ्याला ती दिसते, आणि आपली जी मुलं आखाती देशांत तेलाच्या कामावर जातात त्यांनाही ती रोज दिसते.

रोज दिसते म्हणूनच तिच्याकडे लक्ष जात नाही. ती वर्षानुवर्षं उघडीच असते, आणि एखाद्या दिवशी एकदाच तिला पडायचं, म्हणजे आपटून बंद व्हायचं असतं. या लेखातलं सगळं काम त्या एका पडण्यासाठी आहे.

आधी आपली झडप ओळखा

पाना हातात घेण्याआधी तीन गोष्टी बघा: झडप कुठे बसली आहे, कशी बंद होते, आणि तिला पाडतं कोण.

जागा दोन असतात. एक, एअर फिल्टर आणि टर्बोच्या मध्ये. दुसरी, टर्बो किंवा आफ्टरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या कूलरच्या) पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपाच्या) तोंडाशी. पहिल्या जागी हवा थंड असते, त्यामुळे सील जास्त टिकतात. पण झडप पडल्यावर टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या बाजूला जोराचं निर्वात होतं आणि टर्बोच्या सीलमधून ऑइल ओढलं जाऊ शकतं. शिवाय क्रँककेसचा ब्रीदर टर्बोच्या तोंडाशी जोडलेला असेल तर तो झडपेच्या पुढे येतो, आणि झडप बंद असतानाही तेलाची वाफ इंजिनाला मिळत राहते. दुसऱ्या जागी झडप आणि सिलिंडर यांच्यातली पोकळी लहान असते, म्हणून इंजिन लवकर थांबतं. पण तिथली हवा दाबाची आणि गरम असते, त्यामुळे ओ-रिंग आणि होजचं रबर लवकर कडक पडतं. व्ही इंजिनाला अनेकदा दोन झडपा असतात, प्रत्येक बाजूला एक. तिथे दोन्ही पडल्या पाहिजेत. एक पडून चालत नाही.

बंद होण्याच्या तऱ्हाही दोन-तीन आहेत. शाफ्टवर फिरणारा गोल फ्लॅप, पाइपाच्या आडवी सरकणारी पाटी, किंवा कवाडासारखा पडणारा पल्ला. तिन्हींत स्प्रिंग दाबून ठेवलेली असते आणि एका लहानशा अडकणीवर म्हणजे लॅचवर सगळा भार असतो. लॅच सुटला की स्प्रिंग झडप आपटून बंद करते.

आणि पाडणारे: हाताने ओढायची केबल, सोलेनॉइड, हवेचा किंवा ऑइलचा दाब, ओव्हरस्पीड युनिट (गती मर्यादेबाहेर गेली की झडप पाडणारं). काही सोलेनॉइडना वीज दिली की झडप पडते, काहींची वीज गेली की पडते. आपला कोणता आहे हे इंजिनाच्या पुस्तकात बघा आणि पॅनेलच्या दाराआत लिहून चिकटवा. पुढची टेस्टिंग त्यावर उभी आहे.

हात घालण्याआधी

बॅटरी आयसोलेटर (बॅटरी तोडायचा स्विच) उघडून त्याला स्वतःचं कुलूप आणि टॅग लावा. हवेवर सुरू होणारं इंजिन असेल तर हवेची लाइनही बंद करून आतला दाब सोडा. टर्बो गार होऊ द्या. वर्क परमिटची जागा असेल तर परमिट आल्याशिवाय सुरुवात नाही.

आणि बोटं. दाबून ठेवलेली स्प्रिंग फ्लॅप किती जोरात आपटते याचा अंदाज बाहेरून येत नाही. झडपेच्या तोंडात बोट, टॉर्च किंवा फडकं जाण्याआधी झडप पाडून ठेवा. बंद अवस्थेतच काम करायचं. सेट करून, म्हणजे लॅचवर अडकवून, उघडी ठेवून आत हात घालायचा नाही, लॅच कितीही घट्ट वाटला तरी.

साफ करण्याआधी पाडून बघा

नवीन मुलांची इथे हमखास चूक होते. झडप दिसते धुळकट, म्हणून आधी स्प्रे मारतात, पुसतात, शाफ्ट दोनदा हलवून मोकळा करतात, आणि मग टेस्ट घेतात. टेस्ट पास होते. पण कालपर्यंत ती पडली असती का, हे आता कोणालाच कधी कळणार नाही.

आली तशा अवस्थेत, काहीही न लावता, इंजिन बंद असताना झडप एकदा केबलने पाडा. एका दमात, एकच कोरडा ‘टक्’ आवाज आला पाहिजे. आवाज घसरत आला, झडप अर्ध्यात थांबली, किंवा केबल ओढायला दोन हात लागले, तर ते तसंच्या तसं लॉगबुकात लिहा. पुन्हा सेट करा आणि आता सोलेनॉइडने पाडा. यासाठी बॅटरी थोडा वेळ जोडावी लागेल. तेव्हा सेल्फची (स्टार्टर मोटरची) वायर काढून बाजूला बांधा आणि काम झालं की आयसोलेटरला पुन्हा कुलूप.

या कोरड्या टेस्टमध्ये झडप अडकलेली सापडली तर सर्व्हिसचा काळ कमी करायला हवा, हे तिथेच ठरतं. धूळ, समुद्राची हवा आणि ऑइलची वाफ ज्या इंजिनावर आहे, त्याला पुस्तकातला काळ पुरत नाही.

झडप उघडून

होज काढून झडप बाहेर घ्या. फ्लॅप आणि बैठक (फ्लॅप जिच्यावर टेकतो ती कड) फडक्याने आणि पुस्तकात सांगितलेल्या क्लीनरने पुसा. बैठकीवर पटाशी किंवा स्क्रू-ड्रायव्हर घासू नका, पडलेला ओरखडा हवेची वाट होतो. चिकट काळा थर असेल तर तो नुसता पुसून पुढे जाऊ नका. ते ऑइल कुठून तरी आलं आहे: टर्बोचं सील, ब्रीदर, किंवा जास्त भरलेला संप. डिपस्टिक आत्ताच बघा.

शाफ्ट बोटांनी वर-खाली हलवून बघा. बुशमध्ये जाणवेल इतका खेळ असेल तर फ्लॅप बैठकीवर तिरका बसतो. शाफ्टवरची ओ-रिंग बदला, ती काढली की पुन्हा वापरायची नाही. फ्लॅप शाफ्टला धरणारे स्क्रू आणि पिन नीट तपासा. ही झडप इंजिनाच्या तोंडात बसली आहे, सुटलेला स्क्रू थेट टर्बोच्या पंख्यात किंवा सिलिंडरमध्ये जातो. म्हणून जुने स्क्रू परत लावायचे नाहीत, नवीन, थ्रेड-लॉक लावून, टॉर्क रेंचनेच.

लॅचची कड भिंगाने बघा. कड गोलसर झाली असेल तर झडप धक्क्यानेही पडेल, आणि ऑपरेटर वैतागून ती तारेने बांधून ठेवेल. असं बांधलेलं मी पाहिलं आहे. दुसऱ्या बाजूला, कडेवर खाच पडली असेल तर लॅच सुटणारच नाही. दोन्हींत लॅच बदलणे हाच उपाय, घासून आकार देऊ नका. स्प्रिंग गंजलेली किंवा वाकलेली दिसली की नवीन.

वंगणाबद्दल एवढंच: पुस्तकात सांगितलं तिथे, सांगितलं तेवढं. फ्लॅपच्या तोंडावर ग्रीस चोपडलं तर त्यावर धूळ बसून लुकण होतं. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे. तो उडून जातो आणि मागे चिकटपणा ठेवतो.

शेवटी अंधाऱ्या जागी बंद झडपेच्या एका बाजूला टॉर्च धरा आणि दुसऱ्या बाजूने बघा. कडेला चंद्रकोरीसारखा उजेड दिसला तर फ्लॅप बसत नाही. धातूवर धातू बसणाऱ्या काही झडपांना बनवणाऱ्यानेच थोडी गळती चालवून घेतलेली असते. ती किती, ते पुस्तकात असतं.

झडपेच्या पुढची हवा

या सगळ्या कामात माझा सगळ्यात जास्त जीव इथे गुंततो, आणि सगळ्यात कमी वेळ लोक इथेच देतात.

एका पंप युनिटवर झडप दर महिन्याला पाडून बघितली जायची. इंजिन बंद असताना, सुरेख ‘टक्’. रजिस्टरभर बरोबरच्या खुणा. मी पहिल्यांदा इंजिन चालू ठेवून टेस्ट घेतली तेव्हा झडप पडली, इंजिन अडखळलं, धुरकटलं, आणि मंद गतीने चालतच राहिलं. झडप पूर्ण बंद होती. शेवटी डिझेल तोडून थांबवलं. शोधलं तेव्हा झडप आणि मॅनिफोल्ड यांच्यामधल्या रबरी एल्बोला खालच्या बाजूने, क्लॅम्पच्या अगदी कडेला, चीर सापडली. वरून बघणाऱ्याला ती दिसणं शक्य नव्हतं. तेवढी हवा इंजिनाला मंद गतीने चालायला पुरत होती.

त्या दिवसापासून माझ्यासाठी सर्व्हिस झडपेवर संपत नाही. झडपेपासून सिलिंडर हेडपर्यंत हवेचा एकेक जोड हाताने चाचपायचा. होज काढून, वाकवून, आतून बघायचा. आतला थर सुटलेला असेल तर तो निर्वातात आत ओढला जातो. क्लॅम्प गंजलेला असेल तर नवीन, आणि टी-बोल्ट क्लॅम्पच. मॅनिफोल्डवर बूस्ट गेजसाठी, थंडीत इंजिन सुरू करायच्या हीटरसाठी किंवा सेन्सरसाठी पाडलेली भोकं असतात. प्रत्येकाचा प्लग जागेवर आहे का ते मोजून बघा. हेडच्या बाजूच्या गॅस्केटवर धुळीची काळी रेघ दिसली की तिथून हवा ये-जा करते असं समजा.

झडप टर्बोच्या पुढे असेल तर गळती शोधणं सोपं: इंजिन भारावर असताना त्या भागात हवेचा दाब असतो, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. फक्त टर्बो आणि एक्झॉस्टपासून हात लांब. झडप टर्बोच्या आधी असेल तर तिथे नेहमीच ओढ असते, बुडबुडे येणार नाहीत. तिथे होज काढून आतून बघा, गळतीच्या जागी धुळीचा माग आत पसरलेला दिसतो.

होज मजबूत का हवा याचा हिशेब करून बघा. १०० मिलिमीटर व्यासाच्या तोंडावर पूर्ण निर्वात झालं तर हवेचा दाब सुमारे ८० किलोच्या वजनाइतका पडतो. चालत्या इंजिनात निर्वात पूर्ण होत नाही, पण याच्या निम्मा जोरही साध्या रबरी नळीला चपटी करून ओढतो. म्हणून तारेचा किंवा कापडाचा थर असलेली, बनवणाऱ्याने दिलेलीच होज वापरायची. आणि हाच हिशेब सांगतो की पळालेल्या इंजिनाच्या तोंडाला हात, पोतं किंवा अंगातलं जाकीट कधीही लावायचं नाही. १२ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन १५०० आरपीएमला, टर्बोचा दाब धरला नाही तरी, मिनिटाला साधारण ९००० लिटर हवा ओढतं.

पाडणारी यंत्रणा

केबल: आवरणात पाणी शिरून गंज धरते. पूर्ण ओढून, सोडून बघा. वळणं जितकी कमी तितकं बरं. हँडलवर ‘आणीबाणी’ मराठीत आणि साइटवर जी भाषा चालते तीत लिहा, आणि हँडल इंजिनापासून लांब, पळायच्या वाटेवर आहे ना ते बघा.

सोलेनॉइड: कॉइलचा रोध मल्टिमीटरने मोजून पुस्तकातल्या आकड्याशी ताडा. मग व्होल्टेज. ते बॅटरीवर मोजून उपयोग नाही, झडप पडते त्या क्षणी कॉइलच्या टर्मिनलवर मोजा. बॅटरीवर २४ व्होल्ट आणि कॉइलवर १७ असतील, तर मधले ७ व्होल्ट कुठल्यातरी हिरवट पडलेल्या जोडात जातात. तो जोड शोधा.

ओव्हरस्पीड: बहुतेक ठिकाणी ठरलेल्या गतीच्या १० ते १५ टक्के वर पाडायचं असतं. ५० हर्ट्झच्या चार पोल जनरेटरचे १५०० आरपीएम, त्याचे १५ टक्के वर म्हणजे १७२५. गती कळते ती फ्लायव्हीलच्या दातांसमोर बसवलेल्या मॅग्नेटिक पिकअपवरून. पिकअपच्या टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसा आणि अंतर पुस्तकाप्रमाणे लावा. आता एक गोष्ट जरूर तपासा: युनिटमध्ये भरलेली दातांची संख्या. १४२ दातांचं फ्लायव्हील १५०० आरपीएमला सेकंदाला ३५५० ठोके देतं. पण इंजिन ११८ दातांचं असेल आणि दुसऱ्या सेटवरून आणलेल्या युनिटमध्ये १४२ भरलेले असतील, तर युनिट गती कमी समजतं आणि १७२५ ऐवजी जवळपास २०७६ आरपीएमला जागं होतं. दात स्वतः मोजा, खडूची खूण करून. किंवा निदान टॅकोमीटरची गती आणि युनिटवर दिसणारी गती जुळते का बघा.

चालत्या इंजिनावर टेस्ट

सगळं जोडून झालं. कुलूप काढलं. आता दोन माणसं हवीत: एक झडपेच्या हँडलशी, दुसरा डिझेल तोडायच्या जागी, नजर समोर ठेवून. फ्लायव्हीलच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही.

इंजिन गरम करा, भार पूर्ण काढा, सर्वांत कमी गतीवर आणा. भारावर किंवा पूर्ण गतीत ही टेस्ट घेऊ नका, टर्बोला आणि सीलना विनाकारण मार बसतो. झडप पाडा आणि घड्याळ लावा. निरोगी इंजिन धक्का खाऊन काही सेकंदांत थांबतं. किती सेकंद लागले ते लिहा. पुढच्या वेळी याच आकड्याशी तुलना करायची आहे: मागच्या खेपेला चार आणि आज नऊ असतील तर कुठेतरी हवा शिरते आहे, झडपेचा आवाज कितीही छान आला तरी. इंजिन चालत राहिलं तर दुसऱ्याने लगेच डिझेल तोडायचं, आणि परत प्रयत्न न करता झडपेपुढच्या जोडांकडे जायचं.

फ्लायव्हील पूर्ण थांबल्याशिवाय झडप सेट करू नका. थांबल्यावर टर्बोच्या पुढची होज काढून ऑइल आलं आहे का बघा. असेल तर पुसल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही, कारण तेच ऑइल इंजिनाला पळवू शकतं. एअर फिल्टरचा कागदही जागेवर आहे ना ते बघा.

ओव्हरस्पीडची टेस्ट इंजिन खरोखर १७२५ वर नेऊन घ्यायची नसते. बहुतेक युनिटांना टेस्टचं बटण किंवा सेटिंग असतं, ते दाबलं की युनिट कमी गतीलाच पाडण्याची आज्ञा देतं. ते पुस्तकाप्रमाणे करा, आणि झाल्यावर सेटिंग मूळ जागी आलं हे दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

ऑपरेटरला एक सांगून ठेवा. ही झडप रोज इंजिन बंद करायला वापरायची नाही. डेट्रॉइट डिझेलची जुनी टू-स्ट्रोक ७१ मालिका १९३८ साली आली. त्या इंजिनांच्या ब्लोअरवर अशीच झडप असते, आणि नेहमी तिनेच इंजिन बंद केलं तर ब्लोअरच्या सीलमधून ऑइल ओढलं जाऊन पुढच्या वेळी तेच पेटतं. आजच्या टर्बोलाही हेच लागू आहे.

नोंदीत तारीख आणि तास यांशिवाय इतकं हवं: आली तशा अवस्थेत झडप पडली की नाही, काय बदललं, दातांची संख्या, पाडायची गती, थांबायला लागलेले सेकंद, आणि दोघांच्या सह्या. मग इंजिन भारावर द्या, आणि दहाएक तास चालून गार झाल्यावर झडपेपुढचे क्लॅम्प पुन्हा एकदा टॉर्क करा. नवं रबर उष्णतेने बसतं आणि क्लॅम्प सैल पडतात, विशेषतः एल्बोच्या खालच्या बाजूचा, जिथे हात पोचायला जमिनीवर आडवं व्हावं लागतं.